बॉयलरच्या मिमिकवरची चिठ्ठी: प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२५

४ मार्च २०२५, रात्रपाळी

हंगाम संपत आलाय. यार्डात उसाच्या गाड्या मोजक्याच उभ्या होत्या. रात्री बाराला कंट्रोल रूममध्ये जाऊन बसलो तो सकाळी आठलाच उठलो. कारखान्याचं नाव या नोंदींत येणार नाही, तसा चीफ इंजिनिअर साहेबांना शब्द दिलाय. पश्चिम महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना, जोडीला सहवीजनिर्मिती, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा ६७ किलो दाबाचा बॉयलर. एवढी ओळख पुरे.

बॉयलरच्या मिमिकसमोर, म्हणजे यंत्रणेचं चालू चित्र दाखवणाऱ्या पानासमोर, अण्णा बसतात. पहिल्या वर्गाचे बॉयलर अटेंडंट, पंचवीसेक हंगाम काढलेले. त्यांच्यासमोरची स्क्रीन काळी. तिच्यावर चकाकणारे निळे-हिरवे त्रिमितीय पाइप, भट्टीत नाचणाऱ्या नारंगी ज्वाळा, गरगर फिरणारी पंख्यांची पाती. ज्वाळा भट्टी विझली तरी नाचतात, कारण त्यांना टॅगच (यंत्रणेतल्या एखाद्या सिग्नलचं नाव) जोडलेला नाही. एकूण सत्तेचाळीस आकडे, सगळे एकाच मापाचे, एकाच पिवळ्या रंगातले.

मॉनिटरच्या डाव्या कडेला एक चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली आहे. जाड पुठ्ठ्याचा तुकडा, कडा तेलकट झालेल्या, निळ्या बॉलपेनने सात ओळी:

ड्रम ५०
भट्टी उणे ५
वाफ ४९०
डीएरेटर १०५
ऑक्सिजन ४
आयडी ६२
मिल थांबली तर आधी फीडर, पाण्याला हात नाही

ड्रम म्हणजे बॉयलरमधलं पाण्या-वाफेचं भांडं, डीएरेटर पाण्यातली हवा काढणारं, आयडी भट्टीतला धूर ओढणारा पंखा, फीडर भट्टीत बगॅस टाकणारं यंत्र.

मी म्हटलं, "अण्णा, हे आकडे स्क्रीनवर आहेतच की."

"आकडा हाय, साहेब. किती पायजे ते न्हाई."

हे वाक्य वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. दीड कोटीच्या यंत्रणेत जे नाही ते एका पुठ्ठ्यावर आहे. रात्रभर पाहत होतो: अण्णा दर दोन-तीन मिनिटांनी आधी चिठ्ठीकडे बघतात, मग स्क्रीनकडे.

१२ मे

कारखान्याची अडचण साधी आहे आणि सगळीकडे तीच आहे. ऑपरेटर स्टेशनचे पीसी विंडोज ७ वर. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. सुटे भाग मिळत नाहीत. कंट्रोलर, म्हणजे यंत्रं प्रत्यक्ष चालवणारे संगणक, अजून ठणठणीत आहेत, पण नव्या पीसीवर ग्राफिक्सचं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही आणि नवी आवृत्ती जुन्या फायली उघडत नाही. म्हणजे ६३ मिमिक पुन्हा काढायची. त्या कामाचं कोटेशन पाहून संचालक मंडळाने विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

मी आणि माझा जोडीदार, दोघंही इन्स्ट्रुमेंटेशनची कंत्राटी कामं करणारे. आम्ही ठरवलं की जुनी फाईल वाचून नवं ग्राफिक तयार करणारं टूल लिहायचं आणि ते खुलं ठेवायचं. मिमिक कारखान्याचं, टॅग कारखान्याचे, बॉयलर कारखान्याचा. तरी ते चित्र दुसऱ्याच्या कुलुपात अडकलेलं. हे दुखणं एका कारखान्याचं नाही, म्हणून उपायही एकट्यापुरता ठेवण्यात अर्थ नाही.

चीफ इंजिनिअर साहेबांच्या अटी तीन: चालू यंत्रणेला हात लावायचा नाही, फायलींची प्रत कारखान्याबाहेर न्यायची नाही, आणि १ ऑक्टोबरपूर्वी काही दिसलं पाहिजे. तिन्ही मान्य. कामासाठी एक जुना लॅपटॉप, नेटवर्क कार्ड काढून, त्यांच्याच कार्यालयात ठेवलाय.

कायद्याचा मुद्दा आधीच तपासला. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एबी): आपण कायदेशीर धारक असलेल्या प्रोग्रामशी दुसरा, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करता येते. फाईलची रचना वाचायची तेवढी मुभा आहे. कंपनीची चिन्हं, पंपाची-व्हॉल्व्हची तयार चित्रं, उचलून वाटायची मुभा नाही. म्हणून सगळी चिन्हं आम्ही नव्याने काढणार.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आलाय. कारखान्याच्या पत्र्यावर दिवसभर ताशा.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे, पण तिच्यातून अर्धीच गोष्ट बाहेर पडते. रेघा, वर्तुळं, रंग येतात; कुठल्या आकाराला कुठला टॅग जोडलाय ते येत नाही. ते मूळ बायनरी (साध्या मजकुराच्या नसलेल्या) फाईलमध्ये. आठ दिवस तिच्यावरच गेले. शेवटी एक युक्ती लागू पडली: मोकळ्या पानावर एकच चौकोन काढायचा, फाईल जतन करायची, त्याला एकच टॅग जोडायचा, पुन्हा जतन करायची, आणि दोन फायलींतला फरक पाहायचा. कंटाळवाणं काम, पण खात्रीचं.

आज पहिलं मिमिक पूर्ण वाचलं. ड्रम आणि इकॉनॉमायझरचं (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या भागाचं) पान. त्यात १९० आकार. पंप नावाची गोष्ट फाईलमध्ये कुठेच नाही! आहे ते एक वर्तुळ, दोन त्रिकोण, तीन रेघा आणि एक छटा. पंप हा माणसाच्या डोळ्यात होता, फाईलमध्ये कधीच नव्हता. आणि प्रत्येक ड्राफ्ट्समनने तो आपापल्या हाताने काढलेला. आतापर्यंत नऊ तऱ्हा सापडल्या.

जोडीदाराचं मत पडलं की चित्रं ओळखणारं मॉडेल शिकवू. मी नको म्हटलं. बॉयलरच्या पानावर शंभरात दोन ठिकाणी चुकलेला अंदाज चालणार नाही. नियम लिहायचे, आणि नियमात बसलं नाही तर टूलने थांबून माणसाला विचारायचं. वेळ लागेल. तो मानला, पण मनापासून नाही.

या वाटेने आधी गेलेले लोक आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो. कणत्वरक (पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर) चालवणाऱ्या प्रयोगशाळांत एपिक्स नावाची खुली नियंत्रण प्रणाली वापरतात. तिथल्या एमईडीएम आणि ईडीएम या जुन्या साधनांतली पानं फीबस या नव्या साधनात बदलून घेणारे कन्व्हर्टर खुले आहेत. त्यांचा कोड वाचला. त्यांची मोठी सोय म्हणजे जुनी फाईल साध्या मजकुराची. आपल्याला ती नाही. पण त्यांची एक सवय उचलली: जे बदलता आलं नाही ते गुपचूप सोडायचं नाही, यादी करून दाखवायचं.

३ जून

आज तांबड्या-हिरव्याचा प्रश्न समोर आला, आणि तो मला वाटला त्यापेक्षा खोल निघाला.

बॉयलरच्या पानांवर हिरवा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे बंद. टर्बाईन आणि स्विचयार्डच्या पानांवर नेमकं उलटं: ब्रेकर (विजेचा मोठा स्विच) लागलेला असेल तर तांबडा, उघडा असेल तर हिरवा. विजेच्या लोकांची ती जुनी रीत आहे आणि तिच्यामागे अर्थ आहे. तांबडा म्हणजे प्रवाह चालू, हात लावू नकोस. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर. पण या कंट्रोल रूममध्ये दोन्ही खुर्च्या एकमेकींपासून सहा फुटांवर आहेत, आणि रजेच्या दिवशी बॉयलरचा माणूस टर्बाईनच्या खुर्चीवर बसतो.

शिवाय तांबडा अलार्मलाही वापरलाय. त्यामुळे शांतपणे बंद असलेला राखीव पंप आणि बिघाडाने ट्रिप झालेला पंप एकाच रंगात दिसतात. रात्रपाळीत मी मोजलं होतं: सगळं सुरळीत असताना बॉयलरच्या मुख्य पानावर एकवीस तांबडे ठिपके होते. बाविसावा उमटला तर कोणाच्या लक्षात येणार?

टूलचा नियम ठरला. चालू म्हणजे फिकट, भरलेला आकार. बंद म्हणजे गडद. शेजारी अक्षरात "चालू" किंवा "बंद". रंग फक्त अलार्मसाठी राखून ठेवायचा, आणि अलार्मलाही नुसता रंग नाही, सोबत आकार आणि क्रमांक, म्हणजे ज्यांना तांबडा-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांचीही अडचण नको. आयएसए-१०१ या कंट्रोल रूमच्या स्क्रीनसाठीच्या २०१५ च्या मानकात रंगांची पक्की यादी नाही. आपल्या कारखान्याचं धोरण आधी कागदावर लिहा, मग ते सगळ्या पानांवर सारखं पाळा, असं ते सांगतं. म्हणून आमचं धोरण वेगळ्या फाईलमध्ये ठेवलंय. दुसरा कारखाना ते बदलू शकेल, टूलला हात न लावता.

इलेक्ट्रिकलचे लोक एका मुद्द्यावर ठाम राहिले. एकरेषीय आकृतीच्या पानावर ब्रेकरचे रंग तसेच हवेत, कारण बाहेर पॅनेलवरचे दिवे तसेच आहेत. त्यांचं बरोबर आहे. ते पान तसंच ठेवलं, फक्त अक्षरं घातली.

१७ जून

मिल हाऊसच्या पानांवर लेबलं मराठीत आहेत! कोणी केलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ज्याने केलं त्याने गव्हाणीवरच्या (ऊस टाकतात त्या जागेवरच्या) माणसाचा विचार केला होता. अडचण एवढीच की मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहे. तो फाँट नसलेल्या पीसीवर "गव्हाण" ऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसतो.

जुन्या फाँटमध्ये अक्षरं जशी डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली. "मिल" मध्ये आधी वेलांटी, मग म. युनिकोडमध्ये आधी म, मग वेलांटी. "टर्बाईन" मधला रफार जुन्या फायलीत बा च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तोच र् होऊन बा च्या आधी गेला पाहिजे. हे दोन नियम बसवल्यावर बहुतेक लेबलं सरळ झाली.

उरलं ते "दुसऱ्या मिलचा दाब". टूलने ते "दुसर्या" केलं. वाचणारा समजून घेईल, पण ते मराठी नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्या च्या त्या अर्ध्या र ला स्वतंत्र जागा होती. आमच्या तक्त्यात ती साध्या र कडे गेली होती. तक्ता सुधारला, आता "दुसऱ्या", "तिसऱ्या" नीट येतात. सगळी २१२ लेबलं जोडीदाराने मोठ्याने वाचली आणि मी जुन्या स्क्रीनच्या छायाचित्राशी ताडून पाहिली. अख्खी दुपार गेली. मराठी लेबल चुकलं की पुढच्या वेळी कोणीतरी म्हणणार, कशाला ही कटकट, इंग्रजीच टाका. म्हणून हे काटेकोरच व्हायला हवं होतं.

६ जुलै

आषाढी. जोडीदार आठवडाभर वारीत होता, उद्या येईल. आज काम नाही.

२२ जुलै

आजची नोंद लांब होईल.

प्रत्येक आकाराला कुठला टॅग जोडलाय त्याची यादी टूल काढतं. वेळ होता म्हणून मी त्या यादीशेजारी कंट्रोलरच्या टॅगांची यादी लावली आणि एक रकाना वाढवला: हा टॅग आदेश आहे की अवस्था? म्हणजे कंट्रोलरने व्हॉल्व्हला काय सांगितलं, की व्हॉल्व्हने स्वतः काय कळवलं?

ड्रमला पाणी देणाऱ्या फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्हच्या चित्रावर आकडा आहे, "५४ टक्के उघडा". तो टॅग आदेशाचा निघाला. व्हॉल्व्हवर स्थिती कळवणारा ट्रान्समीटर आहे, त्याची वायर मार्शलिंग पॅनेलपर्यंत (सगळ्या वायरी एकत्र येतात तिथपर्यंत) आलेली आहे, कंट्रोलरमध्ये त्याचा टॅगही आहे. फक्त चित्राला तो कधीच जोडला गेला नाही. व्हॉल्व्ह अडकून २० वर बसला असता तरी स्क्रीनने ५४ च म्हटलं असतं.

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. हा प्रकार माहितीतला आहे. २८ मार्च १९७९, अमेरिकेतला थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्प. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडून तसाच अडकला. पॅनेलवरचा दिवा विझलेला होता, आणि विझलेला दिवा म्हणजे व्हॉल्व्ह बंद असं ऑपरेटरांनी धरलं. पण दिवा व्हॉल्व्हला नव्हे, तो उघडणाऱ्या सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाला) जाणाऱ्या विजेला जोडलेला होता. दिवा सांगत होता की बंद होण्याचा आदेश गेला. थंडावा देणारं पाणी दोन तासांहून जास्त वेळ त्या वाटेने जात राहिलं. पुढे २४ जुलै १९९४, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळची रिफायनरी: नियंत्रण यंत्रणा एक व्हॉल्व्ह उघडा दाखवत होती, प्रत्यक्षात तो बंद होता. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. २६ जण जखमी झाले.

आमच्या ६३ पानांत अशी ३८ चिन्हं सापडली, जी आदेश दाखवतात आणि अवस्था असल्याचा भास देतात. त्यातल्या २४ ठिकाणी फीडबॅकचा, म्हणजे प्रत्यक्ष स्थितीचा, टॅग कंट्रोलरमध्ये तयार होता. उरलेल्या चौदा ठिकाणी ट्रान्समीटरच नाही. तिथे चित्रावर "आदेश" असं स्पष्ट लिहिलं जाईल आणि आकार पोकळ राहील.

आजपासून टूलचं काम बदललं. आम्ही जुनं चित्र नव्या कपड्यात घालायला निघालो होतो. जसंच्या तसं नेलं असतं तर ही अडतीस खोटी चिन्हं अधिक देखण्या रूपात पुढची पंधरा वर्षं चालली असती. आता टूल आधी जोडण्यांचा अहवाल देतं आणि त्यावर माणसाची सही झाल्याशिवाय चित्र काढतच नाही. जोडीदार म्हणाला, "लोक वैतागतील रे." वैतागू देत.

साहेबांना संध्याकाळी कागद दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फीड वॉटरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे किती वर्षं असं आहे?" पहिल्या हंगामापासून.

८ ऑगस्ट

नवं बॉयलर पान अण्णांना दाखवलं. फिकट राखाडी पार्श्वभूमी, बारीक पाइप, ज्वाळा नाहीत, पाती फिरत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याशेजारी उभी पट्टी, तिच्यात नेहमीचा पट्टा थोडा गडद, आणि आत्ताची जागा दाखवणारा काटा. चिठ्ठीवरचे पहिले सहा आकडे या पट्ट्यांत गेले.

अण्णा म्हणाले, "कारखाना बंद पडल्यागत दिसतंय."

मला ते लागलं, पण ऐकून घेतलं. पंचवीस हंगाम ज्या माणसाने रंग आणि हालचाल म्हणजे जिवंतपणा असं पाहिलंय त्याला राखाडी स्क्रीन मेलेलीच वाटणार. वाद घातला नाही. जुन्या ट्रेंडमधला (वेळेनुसार आकड्यांच्या रेघांमधला) मार्चमधल्या एका रात्रीचा डेटा दोन्ही पानांवर शेजारी-शेजारी चालवला, आणि त्यात मध्येच भट्टीचा दाब उणे ५ वरून अधिककडे सरकवला. "सांगा कधी कळतंय ते." राखाडी पानावर त्यांनी काटा पट्ट्याबाहेर जाताजाताच बोट लावलं. काळ्या पानावर अलार्म वाजल्यावर.

मग त्यांनी स्वतःच दुसरी गोष्ट सांगितली. काळ्या स्क्रीनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं म्हणून रात्री खोलीतले दिवे मालवावे लागतात, आणि पहाटे तीनला अंधारात डोळा लागतो. फिकट स्क्रीन असेल तर दिवे चालू ठेवता येतील. मी हे मानकाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांना ते अंगाने माहीत होतं.

अजून एक मागणी त्यांनी केली, ती महत्त्वाची. ड्रमची पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी एकाच ट्रेंडमध्ये हवं. आज ती तीन वेगळ्या पानांवर आहेत. २३ मार्च २००५ ला टेक्सास सिटीच्या रिफायनरीत टॉवर वरपर्यंत द्रवाने भरत गेला आणि १५ माणसं गेली. तिथेही आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह एका पानावर दिसत नव्हता. अण्णांनी त्या चौकशीचा अहवाल वाचलेला नाही. त्यांना तेच हवं होतं.

३० ऑगस्ट

गणपतीत दीड दिवस सुट्टी, मग परवान्याचं काम. कोडला अपाची २.० हा खुला परवाना दिला. जीपीएलचा, म्हणजे बदललेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याचा, विचार झाला होता. पण लहान इंटिग्रेटरनी (यंत्रणा जोडून देणाऱ्यांनी) हे आपल्या कामात बिनधास्त घालावं असं वाटतं, आणि अपाचीत पेटंटचं कलम स्पष्ट आहे. चिन्हं पूर्ण मोकळी सोडली.

टूल एसव्हीजी या स्वरूपातली चित्रं तयार करतं. त्यात स्क्रिप्ट (आपोआप चालणारा कोड) घालता येते, म्हणून आम्ही ती मुळातच नाकारतो; बाहेरून आलेल्या फाईलमध्ये सापडली तर रूपांतर थांबतं. फाँट सोबतच दिलाय, इंटरनेटवरून काहीही ओढायचं नाही. कंट्रोल रूममध्ये इंटरनेट नसतं, आणि नसावंच.

१५ सप्टेंबर

आज पहिली आवृत्ती खुली केली. सकाळी सव्वासातला.

नमुन्यासाठी कारखान्याचं एकही पान दिलेलं नाही. टॅगांच्या नावांवरून यंत्रणेचा नकाशा कळतो. तो उघड्यावर टाकणं चुकीचं. म्हणून एक काल्पनिक पाणीपुरवठा केंद्र रचलं: दोन पंप, एक टाकी, एक व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हला मुद्दाम आदेशाचा टॅग जोडून ठेवलाय. टूल चालवल्यावर पहिल्याच अहवालात तो पकडला जातो. वाचणाऱ्याला त्यातून टूल कशासाठी आहे ते कळावं.

काय होत नाही तेही पहिल्याच पानावर लिहिलं. एकाच जुन्या स्वरूपाची फाईल वाचता येते. पानात लिहिलेला कोड, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारे मॅक्रो, रूपांतरित होत नाहीत; फक्त यादी मिळते. ते मुद्दाम. बटणामागे इंटरलॉक (सुरक्षेसाठीची अडवणूक) दडलेला असू शकतो, तो माणसानेच वाचला पाहिजे.

संध्याकाळी आखाती देशात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर काम करणाऱ्या एका मराठी अभियंत्याचा निरोप आला. त्याच्याकडे वेगळ्या स्वरूपाच्या फायली आहेत आणि वाचक तो स्वतः लिहायला तयार आहे. त्याला एकच चौकोन आणि एकच टॅगची युक्ती सांगितली.

२ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, आज बॉयलरचं अग्निप्रदीपन. नवं पान नव्या पीसीवर जुन्याच्या शेजारी लावलं, फक्त पाहण्यापुरतं. त्यावरून काही चालवता येत नाही. झेंडूची माळ दोन्ही मॉनिटरना घातली अण्णांनी.

१४ ऑक्टोबर

आजपासून विंडोज १० चाही मोफत आधार संपला. नवे पीसी आधीच ११ वर घेतलेत.

जुना सर्व्हर ओपीसी क्लासिक ही यंत्रणांमधली जुनी भाषा बोलतो, त्याच्याखाली डीकॉम हा विंडोजचा संपर्काचा भाग. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०२३ पासून डीकॉमची सुरक्षा कायमची कडक केली, त्यामुळे नवा पीसी जुन्याशी बोलेना. जुन्याच मशीनवर एक दुभाषी बसवला: आत क्लासिक, बाहेर तिची नवी आवृत्ती ओपीसी यूए, फक्त वाचन. दोन दिवस खाल्ले.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज करून परतलो तर अण्णांचा फोन. "साहेब, भट्टीची पट्टी उलटी चालतीया."

चूक आमची. भट्टीचा दाब उणे असतो, आणि जुन्या फायलीत त्या पट्टीची खालची मर्यादा शून्य, वरची उणे २० अशी उलटी लिहिलेली होती. टूलने लहान आकडा खाली, मोठा वर असं गृहीत धरून मर्यादा बदलल्या आणि काटा मात्र जुन्या दिशेने चालवला. आकडा बरोबर, काटा चुकीचा. बॉयलरवर हलकी आग होती, जुनं पान शेजारी होतं, म्हणून निभावलं. मी दुसऱ्यांची अडतीस खोटी चिन्हं मोजली होती. एकोणचाळिसावं मी तयार केलं.

त्याच रात्री दुरुस्ती केली, आणि चाचणी वाढवली: प्रत्येक पट्टीवर दोन्ही टोकं आणि मधला बिंदू चालवून जुन्या चित्राशी ताडायचं, त्याशिवाय पान पुढे जात नाही. चुकीची नोंद आवृत्तीच्या माहितीत पहिल्या ओळीत ठेवली.

३ नोव्हेंबर

गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला. शेतं अजून ओली आहेत, उसाबरोबर चिखल येतोय, बगॅस ओलं. सगळं जरा चाचपडतच चाललंय.

११ नोव्हेंबर, रात्रपाळी

पुन्हा मार्चसारखा बाराला जाऊन बसलो. आता नवं पान मधोमध, जुनं बाजूला. खोलीतले दिवे चालू.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिसरी मिल गच्च होऊन थांबली. वाफेची मागणी एकदम पडली. ट्रेंडमध्ये वाफेची रेघ खाली आली, दाब चढला, आणि ड्रमची पातळी ५० वरून ४१ वर घसरली. पाणी कमी झालेलं नव्हतं. दाब वाढला की पाण्यातले बुडबुडे आवळले जातात आणि पातळी खोटी खाली जाते. नवखा माणूस इथे घाबरून पाणी वाढवतो, आणि दहा मिनिटांनी ड्रम भरून वाफेबरोबर पाणी टर्बाईनकडे जातं. अण्णांनी तिन्ही रेघा एका नजरेत पाहिल्या. हात फीडरकडे गेला, बगॅस कमी केलं. पाण्याला हात नाही. व्हॉल्व्हचा आदेश आपोआप ५४ वरून ४६ वर गेला, पाठोपाठ प्रत्यक्ष स्थितीचा काटा ४७ वर येऊन थांबला. आठ मिनिटांत पातळी ४९.

चहा आल्यावर अण्णांनी चिठ्ठी काढली. मला वाटलं फेकतील. त्यांनी खिशातून पेन काढून पहिल्या सहा ओळींवर एकेक रेघ मारली आणि चिठ्ठी परत तिथेच चिकटवली.

सातवी ओळ तशीच आहे. ती आकडा नाही, क्रम आहे, आणि क्रम दाखवायची जागा आमच्या चिन्हांत नाही. उद्या त्यासाठी नवीन काम उघडतो: मिल थांबल्याचा संकेत आला की मुख्य पानावर फीडर पुढे यावेत. शीर्षक अण्णांच्याच शब्दांत टाकेन.